टोपीकरांच्या वखारींत

किल्ला म्हटला कीं मराठी माणसाची मान आपोआप वर होते. कडा, चढण, बुरूज, वर घोंघावणारा वारा आणि खालीं दोरीसारखी दिसणारी पायवाट, एवढी सामग्री जमल्यावांचून कोणत्याही बांधकामास किल्ला म्हणावयास आमचें मन राजी होत नाहीं. भुईकोटांसही आम्ही किल्ले म्हणतों खरे, पण तें थोडेंसें औदार्य पत्करून. असें असतां, कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत, सुपीरियर सरोवराच्या कांठीं वसलेल्या थंडर बे शहराबाहेर 'फोर्ट विल्यम' नांवाचा एक किल्ला आहे, आणि तो नव्यानें उभारून त्यांत १८१६ सालचें जीवन माणसांकरवीं चालतें-बोलतें करून दाखवितात, असें आमच्या कन्येनें कळविलें. तेव्हां आमच्या मनांत जें चित्र उभें राहिलें, त्याची आणि प्रत्यक्षाची गांठ पडणें शक्यच नव्हतें. नदीकांठचें सपाट गवताळ मैदान, त्यावर दीड-दोन पुरुष उंचीचे, शेंडे तासलेले लांकडी खांब एकास एक भिडवून केलेलें कुंपण, एक दरवाजा, आणि आंत रांगेनें बांधलेलीं लांकडी घरें. आमच्याकडील एखादा हवालदार हें सारें वरून पाहता, तर हा कोणाचा कोंडवाडा म्हणून त्यानें चौकशी केली असती.

परंतु नांवावर रुसण्यांत अर्थ नाहीं. ज्यांनीं हें मूळ बांधलें त्यांच्या मनांत तरी दुर्ग कोठें होता? ही वखार. सुरतेची वखार, राजापूरची वखार, कारवारची वखार, त्याच जातीची ही. याच व्यापारांतील दुसरी बलाढ्य संस्था जी हडसन बे कंपनी, तिनें आपल्या ठाण्यांस यॉर्क फॅक्टरी, मूस फॅक्टरी अशींच नांवें दिलीं होतीं. आणि फॅक्टरी म्हणजे त्या काळीं यंत्रांचा कारखाना नव्हे, तर 'फॅक्टर' म्हणजे कंपनीचा मुखत्यार व्यापारी जेथें माल ठेवून राहतो ती जागा. राजापुरास इंग्रजांची जी फॅक्टरी होती, तिलाच आपण वखार म्हटलें. भाषेनें एवढी सोय आधींच करून ठेवल्यावर त्या कुंपणांत आम्हांस अगदींच परकें वाटण्याचें कारण उरलें नाहीं.

दुसरा शब्द टोपीकर. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं जें आज्ञापत्र लिहिलें, त्यांत सावकारांचें महत्त्व सांगतां सांगतां टोपीकरांची गणना त्यांनीं निराळी केली आहे. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशीं राजे आहेत, यांस समुद्रकांठीं अथवा दुर्गाजवळ जागा देऊं नये, असा त्याचा आशय. इतिहास शिकविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं, आणि हें प्रकरण आम्ही दरसाल मोठ्या चवीनें शिकवीत आलों. पण ती टोपी कशाची होती, कोठून आली होती, हा प्रश्न इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानें विचारला नाहीं. पाठ्यपुस्तकांनीं तर त्याची वाटही दाखविली नाहीं. फोर्ट विल्यमनें तो विचारला आणि उत्तर आमच्या हातांत आणून ठेवलें. तें उत्तर तपकिरी, मऊ आणि किंचित् उग्र वासाचें होतें.

उत्तर अमेरिकेच्या नद्यानाल्यांत बीव्हर नांवाचा एक प्राणी राहतो. दिसावयास मोठ्या घुशीसारखा. शेपटी वल्ह्याच्या पात्यासारखी चपटी. आणि दांत असे कीं त्यांनीं झाडें पाडून हा ओढ्यास बांध घालतो व स्वतःपुरतें तळें करून त्यांत घर बांधतो. त्याच्या अंगावर दोन प्रकारचे केंस असतात. वरचे लांब व राठ, खालची लोंकर दाट व मऊ. या लोंकरीच्या तंतूंस अतिसूक्ष्म कांटे असल्यामुळें ओल, उष्णता आणि दाब देतांच ते एकमेकांत अडकतात व त्यांचा घट्ट नमदा बनतो. तो पावसांत भिजला तरी आकार सोडीत नाहीं. सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपांत उत्तम टोपी म्हणजे या नमद्याची टोपी, आणि युरोपांतील बीव्हर तोंवर जवळजवळ संपला होता. यांतील मौज अशी कीं, नव्या कातड्यापेक्षां तेथील लोकांनीं वर्ष-दीड वर्ष अंगावर पांघरलेलें, घामानें व अंगच्या तेलकटपणानें वरचे राठ केंस झडून गेलेलें कातडें टोपी करणाऱ्यास अधिक मोलाचें. फ्रेंच व्यापारी त्यास 'कास्तोर ग्रा' म्हणत. आपल्या अंगावरचें जुनेर नव्याहून चढ्या दरानें मागणारा हा गिऱ्हाईक पाहून त्या लोकांनीं मनांत काय म्हटलें असेल, याचा विचार करतांना आम्हांस हंसूं आवरलें नाहीं. लोंकर चांगली गुंतावी म्हणून टोपीवाले पुढें पाऱ्याचे क्षार वापरूं लागले, आणि त्या वाफांनीं त्यांचे हात कांपूं लागले, बुद्धि भ्रमूं लागली. तें मात्र हंसण्यासारखें नव्हे.

फोर्ट विल्यम बांधणारी नॉर्थ वेस्ट कंपनी ही मॉन्ट्रियल येथील व्यापाऱ्यांची भागीदारी. तिची मोठी वखार पूर्वीं ग्रँड पोर्टेज येथें होती. संयुक्त संस्थानांची सरहद्द ठरल्यावर ती जागा सरहद्दीच्या पलीकडे पडली, म्हणून १८०३ सालीं कंपनीनें कामिनिस्टिक्विया नदीच्या मुखाशीं नवें ठाणें घातलें, आणि १८०७ सालीं आपला प्रमुख भागीदार विल्यम मॅकगिलिव्हरे याचें नांव त्यास दिलें. या जागेचें मर्म भूगोलांत आहे. मॉन्ट्रियलहून माल भरून निघालेली नाव येथें पोंचावयास सहा ते आठ आठवडे लागत. पश्चिमेच्या व उत्तरेच्या दूरदूरच्या ठाण्यांत हिंवाळा काढलेले लोक बर्फ वितळतांच कातडीं घेऊन याच ठिकाणीं येत. एका टोंकापासून दुसऱ्या टोंकास जाऊन एकाच उन्हाळ्यांत परत येणें कोणासही शक्य नव्हतें, कारण मध्येंच नद्या गोठत. म्हणून जुलै महिन्यांत दोन्ही तोंडें येथें मिळत. मालाची अदलाबदल होई, हिशेब होत, भागीदारांची सभा भरे, नाच होत, मारामाऱ्या होत, आणि मग दोन्ही तांडे पाठीस पाठ करून आपापल्या वाटेस लागत. ते यास 'रॉन्देव्हू' म्हणत. आम्ही जत्रा म्हणूं.

त्या नावांविषयीं मात्र दोन शब्द अधिक लिहिल्यावांचून राहवत नाहीं. नावांच्या छपरींत एक वृद्धसा कारागीर जमिनीवर मांडी ठोकून काम करीत बसला होता. मॉन्ट्रियलची मोठी नाव सुमारें छत्तीस फूट लांब, तींत तीन टन माल जाई. उत्तरेकडील अरुंद नद्यांसाठीं लहान नाव असे, तिची लांबी पंचवीस फुटांच्या आसपास आणि भार याच्या निम्मा. दोहोंत मिळून खिळा एकही नाहीं. देवदाराच्या जातीच्या लांकडाच्या पातळ फांसळ्या, ऐन नावेचें अंग झाडाच्या सालीचें, साल शिवावयास मुळ्यांचा दोरा, आणि शिवण बुजवावयास झाडाचाच डिंक. ती साल आम्हीं हातांत घेतली मात्र, आणि ओळख पटली. हें भूर्ज! याच कुळांतील हिमालयांतल्या झाडाच्या सालीवर काश्मिरांतल्या पंडितांनीं पोथ्या लिहिल्या; विक्रमोर्वशीयांत उर्वशी राजास पत्र लिहिते तें याच सालीवर, आणि तें पत्र नको त्या हातीं पडल्यामुळें पुढचा सारा घोटाळा होतो. आम्हीं ज्या सालीवर अक्षरें काढलीं, तिच्या बहिणीवर बसून या लोकांनीं अर्धें खंड ओलांडलें. कारागिरास हें सांगितलें तेव्हां त्यानें काम थांबवून आमच्याकडे पाहिलें आणि विचारलें, "त्या पोथ्या भिजल्या तर टिकत काय?" प्रश्न नाववाल्यासारखाच होता.

नदीला धबधबा आला कीं नाव आणि माल दोन्ही खांद्यावरून वाहून न्यावीं लागत. मालाचें प्रत्येक गांठोडें नव्वद पौंडांचें, म्हणजे आपल्या पक्क्या मणाहून थोडें अधिकच. आणि कपाळावरून पाठीवर सोडलेल्या चामड्याच्या पट्ट्यांत अशीं दोन गांठोडीं एका वेळीं न्यावयाचीं, ही चाल. अंगणांत एक गांठोडें लोकांच्या हौसेसाठीं ठेवलें आहे. एका धट्टयाकट्ट्या पोरानें तें गुडघ्यापर्यंत उचललें आणि टाळ्या घेतल्या. आम्हीं त्यास केवळ हात लावून पाहिला. या हमालांवर, ज्यांस व्हॉयाजर म्हणत, कॅनडांत गाणीं आहेत, चित्रें आहेत, त्यांच्या नांवानें उत्सव होतात. पण त्यांच्या पाठीच्या मणक्यांचें काय होई, अंतर्गळानें किती मरत, यावर गाणें नाहीं. मार्गदर्शक तरुणीनें तें आपण होऊन सांगितलें, आणि तेवढ्यापुरता आमचा या संस्थेविषयींचा आदर वाढला. मॉन्ट्रियलहून येऊन परत जाणाऱ्यांस हिंवाळा काढणारे लोक 'डुकराची चरबी खाणारे' म्हणून हिणवीत. दोघांचे तळ कुंपणाबाहेर, पण तेही एकमेकांपासून दूर. दोघांच्याही पाठी सारख्याच मोडत असतां त्यांच्यांत ही शिवाशिव! कुंपणाच्या आंत भागीदार आणि कारकून यांची वस्ती. आणि तुरुंगही आंतच. त्यास ते लोक 'लोण्याचें मडकें' म्हणत.

येथवर वाचून कोणी विचारील कीं हें सारें खरें किती? त्याचें उत्तर असें कीं, यांतील एकही खांब जुना नाहीं, आणि जागाही ती नव्हे. मूळ वखार नदीच्या मुखाशीं होती. १८२१ सालीं दोन्ही कंपन्या एक झाल्या, हडसन उपसागरावरून माल नेणें स्वस्त पडूं लागलें, आणि मॉन्ट्रियलच्या वाटेवरील हें मोठें नाकें एकदम आडगांव बनलें. पुढें तेथें रेल्वे आली, आणि उरलीसुरली घरें पाडून त्यांवर रुळांचें जाळें पसरलें. आज जी वखार पाहावयास मिळते ती नदीनें वर सुमारें चौदा किलोमीटर आंत, १९७३ सालीं लोकांस खुली झालेली. आम्ही ज्या प्रांतांतून आलों तेथें गडावरची माती कपाळास लावण्याची रीत आहे. रायगडावर वाड्यांचीं जोतीं तेवढीं राहिलीं आहेत. पण त्या जोत्यांवर बसून मराठी माणसाचे डोळे भरून येतात, कारण जागा तीच आहे. जागा सोडून केलेला इतिहास आम्हांस मूर्ति सोडून केलेल्या पूजेसारखा वाटतो, आणि दिवसभर हिंडूनही तें वाटणें गेलें नाहीं. फरशीवर कोठेंही डोकें टेकावेंसें वाटलें नाहीं.

योगायोग पाहा कीं, ही नवी जागा जिच्यावर उभी आहे तिचें नांव पॉइंट द मरॉन. १८१६ च्या ऑगस्टांत हडसन बे कंपनीतर्फे लॉर्ड सेल्कर्क यानें द मरॉन या स्विस पलटणींतून सुटलेले शिपाई बरोबर घेऊन मूळ फोर्ट विल्यम बळकाविलें, मॅकगिलिव्हरेस कैद केलें, आणि तो हिंवाळा तेथेंच काढला. ही पलटण कोठली? आधीं लंकेंत डचांच्या चाकरीस होती. १७९५ सालीं तिनें धनी बदलून इंग्रजांची चाकरी धरली. आणि १७९९ सालीं श्रीरंगपट्टणच्या वेढ्यांत टिपूवर ती लढली. सतरा वर्षांनंतर त्याच पलटणीचें नांव कातड्यांच्या भांडणांत सुपीरियर सरोवरावर! आम्हीं हें वाचलें, आणि त्या सपाट मैदानाकडे थोडें निराळ्या नजरेनें पाहूं लागलों.

आंत शिरतांच जी माणसें भेटतात तीं सोंग घेतलेलीं असतात. हा शब्द आम्ही हिणवून वापरीत नाहीं. गोंधळांत, दशावतारांत आम्ही सोंगांस हात जोडतों. लोहार लोहारकाम करतो, पिंपवाला पिंपें बांधतो, दगडी भट्टींत पाव भाजला जातो. आमच्या सौभाग्यवतींनीं स्वयंपाकघरांत बराच वेळ काढला. भागीदारांच्या पंक्तीचें जेवण आणि नाववाल्यांची मक्याची पेज, या दोन चुलींवरून त्यांस त्या समाजाची सारी घडण आमच्याआधीं कळली. हिशेबाच्या खोलींत उंच गळपट्ट्याचा, बोटांस शाई लागलेला एक तरुण पिसाच्या लेखणीनें वही लिहीत होता. त्यानें आम्हांस वांकून नमस्कार केला आणि कोठून येणें झालें असें विचारलें. कन्या म्हणाली, "हिंदुस्थानांतून."

तरुणाचा चेहरा खुलला. "ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलुखांतून! म्हणजे आपणही आमच्यासारखेच, कंपनीचेच लोक."

आम्हीं विचारलें, "यंदा साल कोणतें?"

"१८१६, महाराज."

"मग आम्ही कंपनीचे नव्हों. आम्ही पुण्याचे. पुण्यास पेशवे गादीवर आहेत."

कन्या हंसूं लागली, आणि तिच्या मागें दोनचार प्रेक्षकही. आम्ही मात्र हंसलों नाहीं. वसईच्या तहानें १८०२ सालींच बाजीरावांनीं आपली मान त्या दोरींत दिली होती, संगमावर एल्फिन्स्टन बसला होता, हें आम्हांस पाठ आहे. शेंकडों पोरांकडून आम्हीं तें घोकून घेतलें आहे. पण शनिवारवाड्यावर निशाण आपलें होतें. खडकीची लढाई अजून सव्वा वर्ष दूर होती. त्या लांकडी खोलींत, त्या पोराच्या खोट्या सालांत, 'आम्ही कंपनीचे नव्हों' हें वाक्य खरें होतें, आणि तें मोठ्यानें उच्चारतांना आमच्या छातींत कांहींतरी हललें. वर्गांत तीस वर्षें उभें राहून हें सुख आम्हांस मिळालें नव्हतें. तो तरुणही मुरलेला. त्यानें क्षणभर विचार करून वही पुढें ओढली आणि म्हणाला, "तर मग परराज्यांतले पाहुणे म्हणून नोंद करतों." त्याला ठाऊक नव्हतें (म्हणजे ठाऊक असून त्यानें तसें दाखविलें) कीं चारच आठवड्यांत सेल्कर्क दारांत उभा राहणार, आणि पांच वर्षांत त्याची कंपनी वहीसकट बुडणार. आम्हांसही त्या सालीं दोन वर्षांनंतरचें ठाऊक नसावयास पाहिजे होतें. दोन बुडणाऱ्या घरांचे दोन कारभारी एकमेकांची विचारपूस करीत उभे होते.

मोठ्या दिवाणखान्यांत डेव्हिड थॉम्सनच्या नकाशाची प्रत लावली आहे. १८१४ च्या सुमारास त्यानें तो कंपनीसाठीं तयार केला, आणि मूळ नकाशा मूळच्या दिवाणखान्यांत टांगलेला असे. हजारों मैल नद्यांतून हिंडून, तारे मोजून काढलेला हा भिंतभर नकाशा. त्याचा कर्ता १८५७ सालीं दारिद्र्यांत मेला. त्याची पत्नी शार्लट स्मॉल, हिची आई क्री लोकांतली. त्या दोघांचा संसार अर्ध्या शतकाहून अधिक टिकला, म्हणून तो सांगण्यासारखा. पुष्कळांचे टिकले नाहींत. खुद्द मॅकगिलिव्हरेचा याच मुलुखांतील सुझान नांवाच्या स्त्रीशीं देशरीतीचा संसार होता, मुलेंही होतीं, आणि तरी १८०० सालीं त्यानें लंडनला जाऊन दुसरें लग्न केलें. दिवाणखान्याच्या पंक्तींत त्या स्त्रियांचीं पानें नसत. वाटाडे त्यांचे भाऊ, दुभाषी त्या स्वतः, बर्फावर चालण्याचीं पावलें विणणाऱ्या त्या, वाळवलेलें मांस व चरबी कुटून प्रवासाची शिधोरी करणाऱ्या त्या. आणि जेवावयास बसणारे स्कॉटलंडचे. अशा पंक्ती आम्हीं आमच्याकडेही पाहिल्या आहेत.

कुंपणाच्या बाहेर भूर्जाच्याच सालीच्या झोंपड्या आहेत. तेथें अनिशिनाबे लोकांचा तळ दाखविला आहे. एक तरुणी कातडें ताणून बसली होती. आम्हीं, आंतील सवयीनें, तिला १८१६ सालचेंच कांहींतरी विचारलें. तिनें शांतपणें सांगितलें, "मी सोंग घेत नाहीं. मी आजचीच आहे. आमचें गांव नदीच्या पलीकडे, त्या डोंगराच्या पायथ्याशीं." आणि मग तिनें जें सांगितलें, तें सबंध कुंपणांत कोणीं सांगितलें नव्हतें. आंत दारूच्या पिंपांविषयीं पिंप कसें बांधतात एवढेंच ऐकलें होतें. दारू कोठें गेली आणि तिनें काय केलें, हें येथें ऐकलें. बीव्हर संपत गेल्यावर उधारीवर जगणें कसें आलें, हें येथें ऐकलें. आणि चार डॉलरांची हकीकत येथें ऐकली.

१८५० सालीं या लोकांनीं इंग्लंडच्या राणीशीं रॉबिन्सन-सुपीरियर या नांवाचा करार केला. सरोवराच्या उत्तरेचा अफाट मुलूख, त्यांतलीं अरण्यें व खाणी यांच्या बदल्यांत त्यांस वर्षासन ठरलें, आणि मुलुखाचें उत्पन्न वाढेल तसें सरकारास तोटा न येतां तें वाढवावें असें कलमही त्यांत घातलें गेलें. १८७५ सालीं तें माणशीं चार डॉलर झालें. पुढें अरण्यें तुटलीं, खाणी खणल्या गेल्या, रेल्वे गेली, शहरें उठलीं; वर्षासन चार डॉलरच राहिलें. २०२४ च्या जुलैंत कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें सरकारनें दीडशें वर्षें कराराचा भंग केला आहे असा स्पष्ट निर्णय दिला. "माझी आजी ते चार डॉलर घ्यावयास दरसाल जात असे," ती तरुणी म्हणाली. "पैशांसाठीं नव्हे. न घेतले तर करार विसरला असें ते म्हणतील म्हणून."

वर्षासन आणि खंड यांचे आंकडे आमच्या डोक्यांत घोळूं लागले, तें साहजिक होतें. दुसऱ्या चार्ल्स राजानें १६६८ च्या मार्चांत मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीस दिलें, तें सालीना दहा पौंड सोन्याच्या खंडानें. त्याच राजानें १६७० च्या मे महिन्यांत आपला चुलतभाऊ प्रिन्स रूपर्ट व त्याचे सोबती यांस, हडसन उपसागरास मिळणाऱ्या सर्व नद्यांचा मुलूख सनद करून दिला. हीच हडसन बे कंपनी. खंड काय? राजा किंवा त्याचा वारस त्या मुलुखांत पाऊल ठेवील तेव्हां दोन हरणें आणि दोन काळे बीव्हर. (फोर्ट विल्यम त्या हद्दींत नव्हतें, पश्चिमेस पाणलोट ओलांडला कीं ती हद्द लागे.) त्या सालच्या फेब्रुवारींत सिंहगड घेतला गेला होता, आणि ऑक्टोबरांत महाराजांनीं सुरत दुसऱ्यांदां लुटली. लंडनमध्यें एका लेखणीनें दोन खंडांचे दोन तुकडे दिले जात होते, आणि त्यांतील एका तुकड्याशेजारीं तरी कोणी जागें होतें. तो बीव्हरांचा खंड राजघराण्यास १९२७ ते १९७० या काळांत चारदां वाजतगाजत देण्यांत आला. शेवटच्या खेपेस तर बीव्हर जिवंत होते. कंपनीनें आपला मुलूख १८७० सालीं तीन लक्ष पौंडांस नव्या कॅनडास विकला, पुढें कापडचोपडाचीं मोठीं दुकानें घातलीं, आणि तीं दुकानें दिवाळें निघून १ जून २०२५ रोजीं बंद झालीं. आम्ही गेलों तें त्यानंतरच्याच जुलैंत. थंडर बेमध्यें लोक त्याविषयीं घरांतलें कोणी म्हातारें गेल्यासारखें बोलत होते. त्या झोंपडींतली तरुणी मात्र बोलत नव्हती.

परततांना गाडी कन्या चालवीत होती. ती येथील विद्यापीठांत शिकली, येथेंच नोकरीस लागली, आणि आतां येथील नागरिक होणार. आपला कायदा दोन नागरिकत्वें मानीत नाहीं, तेव्हां आपला पारपत्र-परवाना तिला परत करावा लागेल. शपथेचा मजकूर तिनें आम्हांस आधींच दाखविला होता. त्यांत तिसरे चार्ल्स राजे व त्यांचे वारस यांच्याशीं एकनिष्ठ राहण्याचें वचन आहे. आमचे आजोबा १९४२ सालीं येरवड्यास होते. त्यांनीं ज्या घराण्याचें राज्य घालविण्यासाठीं दोन हिंवाळे तेथें काढले, त्याच घराण्याच्या पायांशीं त्यांची पणती आपखुशीनें शब्द देणार, हें आम्हांस गिळवत नव्हतें, आणि तसें आम्हीं तिला एकदां नव्हे, तीनदां सांगितलें होतें. त्या दिवशीं तिनें तोच कागद पुन्हां पुढें केला आणि त्याचा उत्तरार्ध वाचावयास लावला. २०२१ पासून त्या शपथेंत एक भर पडली आहे. येथील मूळच्या लोकांचे हक्क व त्यांच्याशीं झालेले करार राज्यघटनेनें मान्य केले आहेत, आणि शपथ घेणारा ती घटना पाळण्याचें वचन देतो.

"म्हणजे बाबा," ती म्हणाली, "ते चार डॉलर आतां माझ्याही नांवावर."

"देणें कीं घेणें?"

"देणें."

सौभाग्यवती मागच्या आसनावरून म्हणाल्या, "घर घेतलें म्हणजे जुन्या धन्याचें देणें बघावेंच लागतें." त्यावर आम्ही कांहीं बोललों नाहीं. राजाविषयीं आमचें जें म्हणणें होतें तें तसेंच आहे. पण कागदाचा तो उत्तरार्ध आम्हीं उतरून घेतला, आणि सिग्नलपाशीं गाडी थांबली तेव्हां पुन्हां एकदां वाचला.

शपथेचा दिवस पुढील महिन्यांत आहे. तोंवर आम्हीं राहावें अशी तिची इच्छा. परतीच्या तिकिटाची तारीख पुढें ढकलावयास विमानवाले किती पैसे घेतात, हें आम्हीं त्याच रात्रीं पाहून ठेवलें.